लुंबिनीच्या पुढचा रस्ता

परदेश हा शब्द आपल्या वस्त्यांमध्ये दोनच अर्थांनी ऐकू येतो. एक, बाबासाहेब १९१३ साली बोटीने गेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तो परदेश. दुसरा, शेजारचा कुणी वेल्डर किंवा ड्रायव्हर एजंटाकडे पैसे भरून आखातात जातो, तो परदेश. पहिला विद्येसाठी, दुसरा पोटासाठी. केवळ डोंगर पाहावा, चढावा, उतरावा आणि अंगात वारे भरून घ्यावे म्हणून कष्टकरी माणसाने देशाबाहेर जावे, ही कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही. सुट्टीत कुठे गेला होता, या प्रश्नाला गाव, चैत्यभूमी, दीक्षाभूमी, फार झाले तर बोधगया, एवढीच उत्तरे आपल्याकडे असतात.

वाचक बंधू-भगिनींनो, नोव्हेंबर २०२३ मध्ये मीरा-भाईंदरहून आम्ही चौघे जण गिअरच्या सायकली घेऊन नेपाळला जाऊन आलो. लुंबिनीला वंदन केले आणि तिथून माघारी न फिरता पुढे हिमालयात, मुस्तांग जिल्ह्यात गेलो. सुमारे ३,७०० मीटर उंचीवरील मुक्तिनाथपासून खाली बेनीपर्यंत सायकलवर उतरलो. परत आल्यावर विहारात, नाक्यावर आणि कचेरीत सर्वांनी दोनच प्रश्न विचारले. खर्च किती आला? आणि हे कशासाठी? पहिल्याचे उत्तर या लेखात पैशांसकट देत आहोत. दुसऱ्याचे जमेल तसे.

चौघे म्हणजे कोण ते आधी सांगतो. महापालिकेच्या सफाई खात्यातील आमचे एक स्नेही, ज्यांना सारी वस्ती भाऊ म्हणते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, अंगणवाडी सेविका. सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम शिकलेला आमचा पुतण्या. आणि कारकुनी करणारे आम्ही. चौघांत डोंगर चढण्याचे शिक्षण घेतलेले कुणीही नाही. वहिनी तर सायकल चालवायला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शिकल्या.

सुरुवात झाली ती हौसेतून नव्हे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकल बंद झाल्या. सगळे घरात बसले, पण सफाई कामगारांना घरात बसता येत नव्हते. भाऊ पहाटे एका जुन्या काळ्या सायकलवरून हजेरीला जाऊ लागले. त्यांचे पाहून पुतण्याने भंगारात निघालेली एक गिअरची सायकल उभी केली. जाड नक्षीचे टायर, पुढे शॉकअप, आडवे हॅण्डल. ही सायकल घेऊन तो उत्तनच्या डोंगरीकडे जाऊ लागला आणि मग एकेक करून आम्ही त्याच्या मागे लागलो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. माउंटन बायकिंग म्हणजे श्रीमंतांचे चाळे, असे आपल्या मंडळातील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हांला तोंडावर ऐकवले. दुकानातल्या किमती पाहिल्या तर त्यांचे म्हणणे चुकीचे वाटत नाही. लाख-दोन लाखांच्या सायकली आहेतच. पण या खेळाचा जन्म भंगारात झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन काउंटी नावाच्या भागात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्यापान्या, जाड टायरच्या सायकली कवडीमोलाने घेत आणि तमाल्पाइस पर्वताच्या परिसरातील कच्च्या वाटांवरून खाली सोडत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई, आणि दर खेपेला नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले. १९७६ पासून तिथे शर्यती सुरू झाल्या. पुढे गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची यांनी या भंगाराला गिअर बसवले, नव्या चौकटी बनवल्या, कंपन्या आल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. भंगारवाल्याकडून फ्रेम आणि डबेवाल्याकडून हॅण्डल उचलून सायकल जोडणारा आमचा पुतण्या या परंपरेत अगदी शोभून दिसतो.

महाराष्ट्रातली माणसे सायकलीवर जगात कुठवर गेली आहेत, हेही आपल्या घरांत माहीत असावे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली आणि २०१८ साली मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत नऊ हजार किलोमीटरहून लांबचा पल्ला मारला. त्याच वर्षी पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही वीस वर्षांची मुलगी जगाला सायकलवरून फेरी मारून आली, सुमारे २९,००० किलोमीटर. ही मंडळी डांबरी रस्त्यावरची, त्यांच्या मागे तयारी मोठी, पैसा उभा करण्याची ताकदही मोठी. त्यांचे कौतुक मनापासून आहे. पण आमच्या पुतण्याने आपल्या खोलीत चित्र लावले ते यांच्यापैकी कुणाचे नाही.

ते आहे प्रद्युम्नकुमार महानंदिया यांचे. ओडिशातील विणकर समाजात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरात, १९४९ साली जन्मलेला हा मुलगा. शाळेत त्याला इतर मुलांपासून दूर बसवत. चित्रकला चांगली म्हणून तो दिल्लीच्या कला महाविद्यालयात पोचला आणि पोटासाठी कॅनॉट प्लेसमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांची चित्रे काढू लागला. डिसेंबर १९७५ मध्ये शार्लोट नावाची स्वीडनची तरुणी त्याच्यासमोर चित्र काढून घ्यायला बसली. दोघांचे मन जुळले. ती परत गेली. विमानाच्या तिकिटाला याच्याकडे पैसे नव्हते. जानेवारी १९७७ मध्ये त्याने होते-नव्हते ते विकून जुनी सायकल घेतली आणि दिल्लीहून निघाला. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान करत, वाटेत चित्रे काढून पोट भरत, काही टप्पे दुसऱ्या वाहनांनी गाठत, मे महिन्याच्या अखेरीस तो स्वीडनला पोचला. दोघांनी संसार केला, मुले झाली, तो तिथे कलाशिक्षक झाला. लोक या हकिकतीला प्रेमकथा म्हणतात. आम्ही तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. ज्याला वर्गात पुढे येऊ दिले नाही, त्याने सीमेवरच्या एकेका पोलीस चौकीसमोर आपले नाव सांगत अर्धे जग ओलांडले.

आता तयारीविषयी. डोंगरात जायचे तर डोंगर पाहिजे, आणि मीरा-भाईंदर म्हणजे मिठागरे, खाडी आणि टॉवर, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात सरावाला इथे काही कमी नाही. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा या गावांतून रस्ता उत्तनकडे जातो. डोंगरीचा चढ लहान आहे, पण सकाळी चार वेळा चढलात तर पोटऱ्या बोलू लागतात. तिथून पुढे चौकला धारावी किल्ल्याच्या बाजूला कच्च्या वाटा आहेत. दुसऱ्या अंगाला गोराईचा विपश्यना पॅगोडा, २००९ साली खुला झालेला, ज्याच्या घुमटाखाली एका वेळी आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात. घोडबंदर रस्त्यावर चेण्याला वळले की राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. आणि बोरिवलीच्या बाजूने आत शिरले की कान्हेरीचा चढ. दोन हजार वर्षांपूर्वीपासून भिक्खूंनी ज्या टेकडीवर शंभराहून अधिक लेणी वसवली, त्या टेकडीवर धापा टाकत सायकल चढवणे ही आमची रविवारची परीक्षा. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जाऊन बसलो की घाम आपोआप निवतो.

आणखी एक फेरी आम्ही मुद्दाम केली, नालासोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो स्तूप खोदला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही सोपाऱ्यातच सापडले. अशोकाचा लेख आपल्या वसई तालुक्यात, आणि अशोकाचाच स्तंभ लुंबिनीत. पुतण्याने नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये पेन्सिलीने रेघ ओढली, तेव्हाच नेपाळ ठरले.

नेपाळ ठरण्याचे दुसरे कारण रोकडे आहे. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही, आणि जमिनीवरून जाताना पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालते. (आधार कार्डावर विसंबू नये.) भाऊंकडे पासपोर्ट नाही. वहिनींकडे नाही. तो काढायचा तर कागदपत्रे, पत्त्याचा पुरावा, पोलीस तपासणी, भाड्याच्या खोलीचा करारनामा, ही सगळी यातायात आपल्या लोकांना ठाऊक आहे. मतदार ओळखपत्र मात्र घराघरांत आहे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या मताच्या अधिकाराचा कागद परदेशात जायलाही उपयोगी पडतो, याचे वहिनींना फार अप्रूप वाटले. स्वतः बाबासाहेबांचा अखेरचा परदेश प्रवासही नेपाळचाच. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते काठमांडूला गेले आणि २० नोव्हेंबरला 'बुद्ध आणि कार्ल मार्क्स' या विषयावर बोलले. प्रकृती किती ढासळलेली होती ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी महापरिनिर्वाण झाले.

पैशांचे असे केले. नोव्हेंबर २०२० पासून दरमहा माणशी ५०० रुपयांची भिशी. छत्तीस महिन्यांत प्रत्येकाचे १८,००० झाले. सायकली त्याबाहेरच्या. तीन जुन्या, आठ-नऊ हजारांच्या आसपास, आणि वहिनींची एक नवी चौदा हजारांची, कारण त्यांच्या उंचीला बसणारी जुनी मिळेना. भाऊंनी आणि आम्ही हक्काच्या रजेचे अर्ज दोन महिने आधी दिले. भाऊंच्या मुकादमांनी कारण विचारले. 'सायकल चालवायला नेपाळला', हे उत्तर ऐकून त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला म्हणतात.

छटपूजेची गर्दी ओसरता ओसरता, २० नोव्हेंबरच्या रात्री लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्सप्रेसने निघालो. सायकली पार्सलमध्ये लावल्या. त्यासाठी पुढचे चाक काढून, पेडल उलटी बसवून, पुठ्ठे आणि जुन्या चादरी गुंडाळून सुतळीने करकचून बांधाव्या लागतात. दोन रात्री आणि एक दिवस प्रवास करून गोरखपूरला उतरलो. फलाटाबाहेर सायकली जोडल्या, चहा घेतला आणि त्याच दिवशी सुनौलीचा रस्ता धरला. शंभराच्या आत-बाहेर किलोमीटर, पूर्ण सपाट, दोन्ही बाजूंना उसाची शेते आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. संध्याकाळी सुनौलीत खोली घेतली तेव्हा नोंदवहीत नावे लिहून घेणाऱ्याने आडनावे वाचून मान वर केली आणि 'महाराष्ट्र में ये कौन लोग होते हैं?' असे विचारले. भाऊ म्हणाले, 'बौद्ध.' तो म्हणाला, 'अच्छा, लुंबिनी.' प्रश्न तिथे मिटला. दरवेळी इतक्यावर मिटत नाही.

दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडली. सायकलींबद्दल कुणी काही विचारले नाही, आजूबाजूचे शेकडो लोक रोजच्या कामाला सायकलवरून येत-जात होते. घड्याळे पंधरा मिनिटे पुढे केली. आपल्या शंभर रुपयांचे तिथले १६० होतात, हा हिशेब वहिनी पहिल्या दुकानातच शिकल्या. भैरहवाहून लुंबिनी साधारण बावीस किलोमीटर.

लुंबिनीबद्दल इथे फार लिहीत नाही. आपल्या अंकांतून त्याविषयी पुष्कळ येते, आणि जे तिथे वाटते ते लिहून सांगता येत नाही. मायादेवी मंदिराशेजारच्या स्तंभावर ब्राह्मी अक्षरांत अशोकाने कोरवून ठेवले आहे की राज्याभिषेकाला वीस वर्षे झाली तेव्हा तो स्वतः इथे आला, इथे बुद्ध जन्मले, आणि म्हणून या गावाचा कर कमी केला. आम्हां कारकुनाला शेवटच्या वाक्याने धरून ठेवले. राजा तीर्थाला आला आणि गरिबांचा सारा कमी करून गेला. हल्ली मोठी माणसे तीर्थाला येतात तेव्हा रस्ते बंद करून जातात. दुसऱ्या दिवशी तिलौराकोटला गेलो. कपिलवस्तूचे अवशेष म्हणून ते दाखवतात. तटाच्या पूर्वेकडील दरवाजातून सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे तिथले लोक सांगतात. त्या दरवाजातून वहिनी सायकल हातात धरून चालत बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. का, ते आम्ही विचारले नाही.

इथवर यात्रा होती. बुटवल सोडल्यावर डोंगर सुरू झाले.

बुटवल सपाटीवर आहे आणि तानसेन साडेतेराशे मीटरच्या आसपास. मधले चाळीसेक किलोमीटर बहुतेक चढ. रस्त्याचे काम चालू होते, धूळ उडत होती, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला नदी. कान्हेरी आणि डोंगरीवर जे शिकलो ते इथे कामाला आले. चढावर जोर लावायचा नाही, लहान गिअर टाकून पाय फिरवत राहायचे, श्वास लागला की उतरून सरळ चालायचे. भाऊंचे म्हणणे, रस्ता झाडताना जो वेग असतो तोच इथे ठेवावा, म्हणजे दिवस संपतो आणि माणूस संपत नाही. सकाळी सहाला निघून दुपारी साडेतीनला तानसेनला पोचलो. तिथून पोखरा बसने, सायकली टपावर. पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचे परवाने काढले. सार्क देशांतील लोकांना त्याला एक हजार नेपाळी रुपये पडतात, म्हणजे आपले सव्वासहाशे. मग पुन्हा बसने दिवसभर हाडे खिळखिळी करून घेत जोमसोम.

जोमसोम सुमारे २,७०० मीटरवर आहे. तिथे एक रात्र मुद्दाम थांबलो, कारण उंचीवर हवा विरळ असते आणि शरीराला सवय होऊ न देता घाईने वर गेले तर डोके ठणकते, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. डोके दुखू लागले तर वर जायचे नाही, दुखणे वाढले तर खाली उतरायचे. हा नियम पुतण्याने चौघांकडून वदवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी सायकली जीपवर टाकून मुक्तिनाथला गेलो.

मुक्तिनाथ हे हिंदूंचे तीर्थ आणि तिबेटी बौद्धांचेही. एकशे आठ धारा आहेत, आणि जमिनीतून येणाऱ्या वायूवर पेटत असलेली एक ज्योत आहे. त्या जागेची देखभाल बौद्ध भिक्खुणी करतात. यात्रेकरू बर्फासारख्या पाण्याखाली कुडकुडत पळत होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने पुण्य मिळवायला धारांखाली उभे राहायचे कारण नाही, असे आम्ही वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, 'प्रतिज्ञा नसत्या तरी मी उभी राहिले नसते, थंडी बघा.' एका वृद्ध भिक्खुणीशी त्यांनी खुणांनी बराच वेळ बोलणे केले. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. 'नमो बुद्धाय' तेवढे दोघींना कळले.

आता उतार. ज्यासाठी एवढे केले तो.

वाचकांना वाटेल की उतार म्हणजे आराम. तसे नाही. दगडी वाटेवर सीटवर बसून राहिलात तर सायकल तुम्हांला उडवते. दोन्ही पेडल आडवी ठेवून त्यांवर उभे राहायचे, गुडघे आणि कोपर सैल, अंग मागे. पुढचा ब्रेक एका बोटाने, हळू. तो एकदम दाबला की माणूस हॅण्डलवरून पुढे. आणि नजर चाकासमोरच्या दगडावर ठेवायची नाही, दहा-पंधरा फूट पुढे ठेवायची. ज्या दगडाकडे पाहाल त्याच्यावरच सायकल जाते. कागबेनीपर्यंत डाव्या-उजव्या हाताला एक झाड नाही, पिवळ्या-तांबड्या मातीचे डोंगर, आणि मागे-पुढे बर्फ. कागबेनीला पंधराव्या शतकातला मठ आहे. तिथे वाऱ्याने पताका फडफडत होत्या. तो वारा खरा मालक. काली गंडकीच्या एका बाजूला धवलगिरी ८,१६७ मीटर आणि दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा ८,०९१ मीटर. मधल्या घळीतून, ऊन चढून तिबेटकडचे पठार तापले की खालची हवा वर ओढली जाते. त्यामुळे सकाळी दहा-अकरानंतर वारा दक्षिणेकडून उलटा, तोंडावर. जोमसोमची विमानेही म्हणून सकाळीच उडतात. आम्ही जोमसोमच्या पुढे निघेपर्यंत साडेअकरा झाले आणि सरळ उतारावरसुद्धा पेडल मारावे लागले. वाळू दातांत. मार्फाला सफरचंदे वाळत घातलेली होती, तिथे मुक्काम केला.

वहिनी अवघड जागी उतरून चालत. मागून चार परदेशी तरुण टोप्या-चष्मे घालून सुसाट गेले, तरी त्यांनी आपला वेग बदलला नाही. पण घसरड्या वाळूच्या वळणांवर त्या आमच्यापेक्षा पुढे असत. एके ठिकाणी त्या एकट्याच पुढे जाऊन थांबल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा हसत होत्या, कुणाशी नाही, आपल्या आपण. भाऊ आम्हांला हळू आवाजात म्हणाले, 'बावीस वर्षांत हिला असं हसताना पाहिलं नव्हतं.' दुसऱ्या प्रश्नाचे आमच्याजवळ याहून चांगले उत्तर नाही.

तातोपानीच्या अलीकडे पुतण्या घसरला. गुडघा सोलला, हेल्मेटला चीर गेली, डोके वाचले. सायकलीचा मागचा गिअर बदलणारा भाग ज्या कानाला लटकतो तो कान वाकून आरीत अडकला. बाजाराच्या टोकाला लोहारकामाचे एक दुकान होते. पन्नाशीचे गृहस्थ, अंगात जुने जाकीट. त्यांनी सायकल उलटी केली, कान पकडीत धरून दोन-तीन हलके ठोके दिले, डोळा मिटून रेघ पाहिली, पुन्हा एक ठोका दिला. गिअर सरळ. आमच्या पुतण्याने हात जोडले. कारागिराची ओळख कारागिराला पटते.

वहिनींनी प्यायला पाणी मागितले. ते गृहस्थ थबकले. भांडे भरलेले कोपऱ्यात दिसत होते. ते हिंदीत म्हणाले, 'हमारा पानी चलेगा?'

नेपाळच्या १८५४ च्या मुलुकी ऐनमध्ये 'पानी नचल्ने' असा जातींचा एक वर्गच लिहून ठेवलेला होता. ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही त्या जाती. लोहारकाम करणारे कामी त्यांत येतात. १९६३ च्या नव्या कायद्याने तो वर्ग पुसला, २०११ मध्ये जातिभेद आणि शिवाशिवीविरुद्ध वेगळा कायदा झाला. तरी मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात आंतरजातीय प्रेमावरून जमावाने सहा तरुणांचा जीव घेतला, त्यांतले बहुतेक दलित होते. आपल्याला खैरलांजी आठवते, त्यांना रुकुम. त्या गृहस्थांच्या आवाजात कायद्याच्या आधीची आणि नंतरची दोन्ही वर्षे होती.

भाऊंनी उत्तर दिले नाही. ते उठले, कोपऱ्यातले भांडे स्वतः उचलले, आधी आपण प्यायले आणि मग वहिनींना दिले. नंतर खिशातल्या पाकिटातून बाबासाहेबांचा फोटो काढून दाखवला. गृहस्थांनी तो ओळखला. भिंतीवरच्या पुठ्ठ्यामागून त्यांनी त्यांच्या संघटनेचे एक कॅलेंडर काढले, त्यावर तोच चेहरा होता. ग्राहक बिथरतात म्हणून ते समोर लावत नाही, म्हणाले. मग चहा झाला. दुरुस्तीचे पैसे घेईनात. शेवटी पुतण्याने आपल्याजवळचा पाना-चाव्यांचा जादा संच त्यांच्या हातोड्याशेजारी ठेवला, तो मात्र त्यांनी उचलून निरखून पाहिला आणि ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी बेनीला पोचलो. उंची आठशे-साडेआठशे मीटर, हवा उबदार, केळीची झाडे. मुक्तिनाथपासून जवळजवळ तीन किलोमीटर उभे खाली आलो होतो. पुढे बस, सुनौली, गोरखपूर, रेल्वे. ५ डिसेंबरच्या सकाळी मुंबईत उतरलो, कारण सहा तारखेला शिवाजी पार्कवर आमच्या मंडळाचा पाणीवाटपाचा स्टॉल असतो आणि भाऊंची पाळी होती.

हिशेब असा. माणशी रेल्वे आणि पार्सल दोन्ही वेळचे मिळून साधारण ३,८००. नेपाळातील बस आणि जीप ४,३००. राहणे ३,९००, चौघांत दोन खोल्या आणि लुंबिनीत धर्मशाळा. जेवण ३,६००, डाळभात आणि तेही पुन्हा वाढतात. परवाना ६२५. ट्यूब, ब्रेकचे रबर, औषधे, किरकोळ १,२००. एकूण १७,४२५. भिशीतले ५७५ उरले. थंडीचे कपडे उसने नेले होते. हेल्मेट मात्र कुणी उसने घेऊ नये, आपल्या डोक्याच्या मापाचे घ्यावे, आणि एकदा चीर गेलेले पुन्हा वापरू नये. ज्यांना दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोमसोमच्या वर जाऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, पावसाळ्यात दरडी कोसळतात.

हल्ली रविवारी सकाळी सहाला भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे अकरा-बारा सायकली निघतात. त्यांत वहिनींच्या अंगणवाडीच्या तीन मदतनीस आणि नववी-दहावीतल्या पाच मुली आहेत. गिअर सगळ्यांना नाहीत. पुढची भिशी सुरू झाली आहे. पुतण्याला भूतानला जायचे आहे. तिथे सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना दर रात्री १,२०० रुपये शुल्क आहे, म्हणजे दहा रात्रींचे बारा हजार नुसते शुल्काचेच. भाऊंनी वहीत आकडे मांडून पाहिले. ५०० च्या भिशीत ते बसत नाही, ७०० करावी लागेल. त्यावर पुढच्या पौर्णिमेला विहारात बैठक आहे.